कॉर्निश-विंडसरचा छपराचा लाकडी पूल

ओसरी

बाबा सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेलेली. अशा माणसाला पानगळीचे रंग दाखवायला न्यावं, तर झाडांकडे दोन मिनिटं बघून "छान आहे" म्हणतो आणि मग रस्त्याकडेची गटारं बघत बसतो. म्हणून मागच्या रविवारी झाडं सोडून त्यांना एक पूल दाखवायला नेलं.

न्यू हॅम्पशरमधलं कॉर्निश आणि व्हर्मांटमधलं विंडसर, मधे कनेक्टिकट नदी. तिच्यावर १८६६ मध्ये बांधलेला लाकडी पूल आहे, आणि त्याला भिंती आहेत, छप्पर आहे. लांबून बघितलं तर कोणी तरी नदीवर गुरांचा लांबलचक गोठा आडवा टाकल्यासारखं दिसतं. सुमारे ४५० फूट लांब, दोनच गाळे (गाळा म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा भाग), मधे एक दगडी खांब. आजही त्यातून दोन्ही बाजूंनी गाड्या जातात.

गाडीतून उतरल्या उतरल्या बाबा म्हणाले, "पुलाला छप्पर कशाला? भिजून सर्दी होणार आहे का त्याला?"

मी म्हटलं, आत चला.

आत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. मग दोन्ही बाजूंना वीण दिसू लागते. जाडजूड चौकोनी लाकडं तिरपी, एक रांग या अंगाला कललेली, दुसरी त्या अंगाला, बाजेच्या विणीसारखी एकमेकांना छेदत गेलेली. जिथे छेदतात तिथे लाकडाच्याच खुंट्या. बाबा कडेला उभे राहून दहा मिनिटं ते बघत होते. बोटाच्या पेराने एका लाकडावर टकटक केली. मग म्हणाले, "अच्छा, म्हणजे पूल हा आहे. बाहेरचं सगळं रेनकोट आहे."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. भार पेलते ती दोन्ही बाजूंची लाकडी जाळी. छप्पर आणि बाहेरच्या फळ्या तिला कोरडं ठेवण्यासाठी. लाकडाला नुसत्या भिजण्याने फारसं काही होत नाही. सांध्यात पाणी शिरलं आणि वाळायला वाव मिळाला नाही की कुजायला लागतं, आणि अशा पुलात तर शेकड्यांनी सांधे. उघडा लाकडी पूल तिकडच्या हवेत पंधरा-वीस वर्षांत बाद व्हायचा. छपराच्या फळ्या दर काही वर्षांनी बदलल्या की आतलं लाकूड शंभर-दीडशे वर्षं निभावतं. छप्पर बदलणं स्वस्त, जाळी बदलणं महाग, एवढा साधा हिशोब.

अमेरिकेत असं पहिलं छप्पर चढलं ते फिलाडेल्फियात, श्युलकिल नदीवरच्या पुलावर, १८०५ मध्ये. टिमथी पामर या कारागिराने पूल उघडाच बांधायला घेतला होता. पूल कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी छपराचा आग्रह धरला आणि पामरला ते पटलं. कंपनीचा पैसा गुंतलेला होता, दर पंधरा वर्षांनी नवा पूल कोण बांधणार!

आमच्या पुलाची जाळी आहे इथिअल टाउन या वास्तुरचनाकाराच्या पद्धतीची. त्याने १८२० मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी मोठा पूल म्हणजे प्रचंड तुळया, कमानी, आणि ते जोडू शकणारे मुरलेले सुतार. टाउनने काय केलं, तर साध्या करवतीतून निघणाऱ्या एकसारख्या फळ्या घेतल्या, तिरप्या मांडल्या, भोकं पाडून खुंट्या ठोकल्या. गावातल्या कुठल्याही सुताराला जमेल असं काम. टाउनने स्वतः फारसे पूल बांधले नाहीत, परवाने विकले. असं सांगतात की फुटामागे एक डॉलर घ्यायचा, आणि न विचारता बांधलात तर दोन.

आमच्या पुलाचे बांधकाम करणारे दोघे: क्लेअरमॉंटचा बेला फ्लेचर आणि कॉर्निशचाच जेम्स टास्कर. त्यांनी टाउनच्या फळ्यांऐवजी जाड चौकोनी लाकडं वापरली आणि ती छेदतात तिथे खाचा पाडून एकमेकांत बसवली. आधी जवळच्या कुरणात सगळा सांगाडा जुळवून पाहिला, मग तो नदीवर नेला. खर्च ९,००० डॉलर.

दाराच्या कपाळावर पाटी आहे: घोडे न पळवता चालतच न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. बाबांनी ती वाचून घेतली आणि आमच्या गाडीचा वेग बघितला.

---

झणझणीत_रस्सा

पहिला नंबर माझा! मस्त लिहिलंय. बाजेची वीण एकदम डोळ्यांसमोर आली.

पण मी ऐकलं होतं की छप्पर घोड्यांसाठी असायचं. खाली वाहतं पाणी दिसलं की घोडी बिचकतात, गोठ्यासारखं दिसलं की गुमान आत शिरतात. आणि बर्फ पडू नये म्हणूनही.

---

ओसरी

घोड्यांची गोष्ट तिकडे सगळेच सांगतात. पण घोड्याला पाणी दिसू नये एवढंच हवं असतं तर बाजूला चार फूट फळ्या ठोकल्या की झालं, वर छप्पर कशाला चढवायचं?

बर्फाचं तर उलटंच होतं. हिवाळ्यात सगळा व्यवहार घसरगाड्यांवर. रस्त्यावर बर्फ आणि पुलात कोरड्या फळ्या, मग गाडी घसरणार कशी? म्हणून पुलाच्या आत फावड्याने बर्फ आणून पसरावा लागे. त्यासाठी गावं माणसं लावत. छपराने ही एक जादाची कटकटच निर्माण केली होती, तरी ते ठेवलं, यावरून ते कशासाठी होतं ते कळतं.

---

तुळईकर

पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर, त्यामुळे राहवत नाही. थोडं लांबेल.

टाउनच्या जाळीची खरी गंमत अशी की तिच्यात 'मुख्य' असं एकही लाकूड नाही. नेहमीच्या कैचीत (म्हणजे आडवे-तिरपे दांडे जोडून केलेल्या, भार पेलणाऱ्या सांगाड्यात) एक तिरपा दांडा गेला तर कैची धोक्यात. इथे प्रत्येक तिरपं लाकूड वाटेत आलेल्या कित्येक लाकडांना खुंटीने बांधलेलं असतं, त्यामुळे एखादं कुजलं तर शेजारची भार वाटून घेतात. गावच्या सुताराच्या हातून दोन-चार चुका झाल्या तरी पूल त्या पोटात घालतो.

आता दुखणं. कुठल्याही कैचीची वरची आडवी पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दाबाला लाकूड छान. ताणालाही चांगलं, पण अखंड असेल तर. दोनशे फुटांचा एकच ओंडका कुठून आणणार? म्हणून खालची पट्टी तुकडे जोडून करतात, सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे पुढेमागे ठेवतात. वर्षानुवर्षं ताण बसून त्या सांध्यांत खुंट्यांची भोकं लांबट होतात, सांधे किंचित किंचित उघडतात आणि पुलाच्या पोटाला झोळ येतो. म्हणून बांधतानाच मधे थोडा उंच, कमानीसारखा बांधतात, म्हणजे बसला तरी सपाट होईल.

दुसरं दुखणं: फळ्यांची जाळी उंचीला भक्कम पण जाडीला पातळ, त्यामुळे ती बाजूला वाकते, पीळ खाते. फ्लेचर-टास्करनी चौकोनी लाकडं घेऊन खाचेत बसवली त्याचा फायदा इथे. खाचेमुळे सगळा भार एकट्या खुंटीवर येत नाही, लाकूड लाकडालाही टेकतं. पण काम वाढलं. टाउनचा 'कुणालाही जमेल' हा मुद्दाच त्यात गेला! खाचा नेमक्या पाडायला टास्करसारखा सुतारच लागतो.

घोड्यांच्या पाटीबद्दल: दुडकी चाल ठेक्यात असते. ठेक्याने हादरे बसले की पूल झुलायला लागतो. सैनिकांना पुलावर पावलं मोडून चालायला सांगतात ते याचसाठी.

---

मीठभाकर

इंजिनियर नाही, पण महाडजवळचा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल गेला, त्यानंतर कुठलाही जुना पूल म्हटला की पहिला प्रश्न हाच येतो: पुराचं काय? दगडी पूल वाहून जातात, मग हा लाकडाचा कसा टिकला?

---

ओसरी

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं की त्याच जागी आधीचे तीन टिकले नाहीत. १७९६ चा गेला, १८२४ चा गेला, १८२८ चा ३ मार्च १८६६ च्या पुरात गेला. हा चौथा. मार्चमध्ये तिकडे नुसतं पाणी येत नाही, नदीवरचा हिवाळाभर गोठलेला बर्फ फुटून घरांएवढ्या लाद्या वाहत येतात आणि खांबांवर आदळतात. नदीत एकच खांब ठेवून दोनशे-दोनशे फुटांचे गाळे घेतले, त्याने बर्फाला अडायला जागा कमी मिळाली.

नोव्हेंबर १९२७ च्या पुरात एकट्या व्हर्मांटमध्ये बाराशेहून जास्त पूल गेले. हा उभा राहिला. यात नशिबाचा वाटा मोठा आहे असं बाबांचं मत. "पूल किती मजबूत हे पूर विचारत नाही, पाणी किती उंच आलं एवढंच बघतो," असं शेजारी बसून म्हणताहेत.

---

बोस्टनबाई

२०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळ आलं तेव्हा आम्ही नुकते इकडे आलो होतो. व्हर्मांटमधल्या बार्टन्सव्हिलचा छपराचा पूल वाहून जातानाचा व्हिडिओ तेव्हा सगळीकडे फिरत होता. १८७० चा, टाउनच्याच जाळीचा. आधी एक टोक खचतं, मग अख्खा पूल घरासारखाच्या घरासारखा पाण्यात बसतो आणि तरंगत निघून जातो. चित्रीकरण करणाऱ्या बाईंचा रडवेला आवाज अजून आठवतो. गावाने २०१३ मध्ये तिथे परत लाकडाचाच, जाळीचाच पूल बांधला. काँक्रीटचा स्वस्तात झाला असता का, माहीत नाही, पण त्यांना तो नकोच होता.

---

शंकासूर

"जगातला सगळ्यात लांब छपराचा पूल" असं याच पुलाबद्दल कुठे तरी वाचलं होतं. खरं का?

---

ओसरी

नाही. कॅनडात न्यू ब्रन्सविकमध्ये हार्टलंडचा पूल आहे, १,२८२ फूट, म्हणजे आमच्याच्या जवळजवळ तिप्पट. तो १९०१ मध्ये सुरू झाला, छप्पर वीसेक वर्षांनी चढलं. पण त्याला मधे सहा खांब. कॉर्निशचा दोन गाळ्यांच्या छपराच्या पुलांमध्ये जगात सर्वांत लांब. अमेरिकेतला सर्वांत लांब छपराचा पूल हा मान त्याच्याकडे होता तो २००८ मध्ये ओहायोतल्या ६१३ फुटी नव्या पुलाने घेतला. नव्याशी तुलना मला तरी पटत नाही, पण आकडा तो आकडा.

---

शंकासूर

मग आता खरा प्रश्न. विकीवर वाचलं की १९८७ मध्ये हा पूल बंद केला आणि १९८९ मध्ये दुरुस्त करून उघडला. खर्च ४४,५०,००० डॉलर! मूळ किंमत ९,०००. आणि दुरुस्तीत पातळ फळ्या डिंकाने चिकटवून केलेली कारखान्यातली लाकडं घातली. मग हा १८६६ चा पूल कसला? नव्या पुलाला जुनी पाटी.

---

तुळईकर

खालची पट्टी ताणाखाली सांध्यांत उघडत होती, झोळ वाढत होता, वर लिहिलंय तेच. चिकटवलेल्या लाकडाच्या खूप लांब अखंड तुळया मिळतात, म्हणजे सांधे कमी, म्हणजे दुखण्याच्या मुळावरच घाव. आणि लोखंड न घालता लाकूडच घातलं, ही जमेची बाजू. मला त्यात काही गैर दिसत नाही.

---

शंकासूर

दिसणार नाहीच, तुम्ही इंजिनियर. :) पण फ्लेचर-टास्करकडे तसली तुळई नव्हती म्हणून तर त्यांनी ते पुढेमागे सांधे केले. तीच त्यांची अक्कल. ती काढून टाकलीत आणि म्हणता तोच पूल.

---

अंगणवेडी

मधे पडते. माझ्या आजीची गोधडी आहे. तिच्यात आजीच्या लुगड्याचा एखादाच तुकडा उरलाय, बाकी आईची, मावशीची, माझी ठिगळं. कुणी विचारलं तर मी आजीचीच म्हणते. आणि रोज पांघरते, कपाटात ठेवत नाही.

---

शंकासूर

गोधडीत ठिगळ लावताना टाका आजीचाच राहतो ना? माझी तक्रार टाका बदलल्याची आहे.

---

ओसरी

शंकासूर, तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. इकडच्या जुन्या पद्धतीने काम करणाऱ्या सुतारांमध्येही असे वाद होतात: मूळ पद्धतीनेच सांधे करून घ्यावेत की नव्या तुळया घालाव्यात. माझा कल हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकला, त्याचं कारण एकच. रोजच्या गाड्या त्यातून जातात. वाहतूक काढून घेतली असती तर मूळ लाकूड वाचलं असतं आणि पूल शोभेचा झाला असता. त्याच कॉर्निशमध्ये टास्करनेच १८८१ मध्ये बांधलेला लोहारशाळेजवळचा छोटा पूल आहे, त्यावरून आता फक्त माणसं चालतात. गोड आहे. पण त्याच्यात उभं राहिलं की ते वस्तुसंग्रहालय वाटतं. मोठ्या पुलात गाडी शिरली की चाकांखालचा आवाज बदलतो आणि समोरून ट्रक आला की पोटात गोळा येतो.

---

कुडाळकर_बुवा

आमच्याकडचा साकव आठवला. पावसाळा सरला, वहाळाचं पाणी ओसरलं की वाडीतले चार बाप्ये जमायचे, माडाचे-पोफळीचे सोट आडवे टाकायचे, वर बांबूची कामटी, झालं. पुढच्या पावसात गेला तर गेला. छपराचा विचार आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आला नसेल, आणि शहाणपणाचंच होतं ते. दोन दिवसांच्या कामाला कोण कौलं घालतो?

फरक मला लाकडाचा वाटत नाही. साकव वाडीचा, हा पूल कंपनीचा. बरोबर ना? टोल घ्यायचा तर पूल दर पावसाळ्यानंतर नव्याने टाकून चालत नाही.

---

ओसरी

बुवा, एकदम बरोबर. खासगी कंपनीचाच होता. १९३६ मध्ये न्यू हॅम्पशर राज्याने विकत घेतला आणि टोल बंद झाला १९४३ मध्ये. म्हणजे सत्त्याहत्तर वर्षं लोकांनी पैसे मोजले. (आपल्याकडच्या टोलनाक्यांबद्दल इथे कुणी सुरू करू नये ही नम्र विनंती.)

---

मीठभाकर

एक मिनिट. पूल दोन राज्यांच्या मधे, मग न्यू हॅम्पशरनेच का घेतला? व्हर्मांटने अर्धे पैसे नको का द्यायला?

---

ओसरी

सीमावाद म्हटला की आपले कान टवकारतातच! :)

नदी जवळजवळ सगळी न्यू हॅम्पशरची आहे. १७६४ मध्ये तिसऱ्या जॉर्जच्या दरबाराने नदीचा पश्चिम काठ ही न्यू हॅम्पशरची हद्द ठरवली. पुढे दोन्ही राज्यं भांडत सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९३३ मध्ये निकाल लागला: हद्द पश्चिमेकडच्या काठावर, पाणी खाली असताना जिथे टेकतं त्या रेषेवर. त्यामुळे पुलाचा अगदी शेवटचा तुकडाच व्हर्मांटमध्ये येतो. डागडुजीही मुख्यतः न्यू हॅम्पशरच्या माथी. विंडसरकरांना फुकटात पूल आणि वर गावाचं नाव पुलाला.

---

बोस्टनबाई

अवांतर: स्वित्झर्लंडला टूरने गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या अल्बममध्ये ल्युसर्नचा छपराचा पूल असतोच, अष्टकोनी मनोऱ्यासकट. तो चौदाव्या शतकातला, आणि त्याच्या छपराखाली तिकोनी चित्रं आहेत. १९९३ च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली आणि बरीचशी चित्रं जळाली. पाण्यावर उभा राहून आगीत गेला! आपण तिथे फोटो काढला तेव्हा गाइडने यातलं काही सांगितलं नाही, पुढे फोंड्यूचं दुकान होतं.

---

झणझणीत_रस्सा

पुलाच्या धाग्यावर 'पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा) म्हणायची संधी आयुष्यात एकदाच येते. ओसरी, पुलेशु!

कसं जायचं आणि कधी, तेही लिहा.

---

ओसरी

हाहा, धन्यवाद.

बोस्टनहून गाडीने सव्वादोन तास धरा. सकाळी जा आणि आधी कॉर्निशच्या काठावर थांबा. तिथून पूल, पलीकडे विंडसर आणि मागे अस्कटनी डोंगर एका चौकटीत येतात, आणि ऊन तुमच्या पाठीवर असतं. मग पूल ओलांडून विंडसरला १८४६ च्या बंदुकीच्या कारखान्यातलं यंत्रांचं संग्रहालय आहे, लेथ-मिलिंगवाल्यांनी चुकवू नये. कॉर्निशमध्ये शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सचं घर आणि बाग आहे, बरोबरच्या मंडळींना पूल पुरे झाला की तिकडे न्या.

बाबांनी घरी आल्यावर कुठल्याशा बिलाच्या पाठीवर जाळीचं चित्र काढलंय, खुंट्यांसकट. तुळईकर, त्यांचा तुम्हाला निरोप आहे: मधल्या खांबावर दोन्ही गाळ्यांची जाळी सलग आहे की तिथे तुटते, ते आम्ही नीट पाहिलं नाही. येत्या रविवारी टॉर्च घेऊन परत जायचं ठरलंय.